रिलीव्हर आल्याशिवाय

सात नंबरच्या खाटेवर बसून अप्पांनी महाडची गाडी सोडली, तेव्हा चारुलता मोसंबं सोलत होती.

महाडची गाडी म्हणजे आठ नंबरचा पेशंट. अपेंडिक्स काढलेला हा वामन नावाचा ड्रॉइंग मास्तर मूळचा सातारचा. महाडशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता. पण दिनानाथ चौलकर, पनवेल एस.टी. स्टँडचे निवृत्त कंट्रोलर, यांनी त्याला पहिल्या दिवशीच महाडला लावलं होतं. त्यामुळे आज डिस्चार्जचा कागद हातात पडला तरी बिचारा पिशवी घेऊन खाटेपाशीच उभा होता. अप्पांनी ताप-नाडीच्या तक्त्यामागे वेळ लिहिली, सही ठोकली आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला गेले. कवळी नसल्यामुळे नुसती हवा गेली.

"चला, सुटा," अप्पा म्हणाले. "वडखळला फार वेळ काढू नका."

"नाही काढत," वामन मास्तर म्हणाला, आणि बायकोचा हात धरून खरोखरच घाईघाईने निघाला.

अप्पांची खरी शिट्टी सिस्टरच्या टेबलाच्या खणात होती. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड चालू असताना त्यांनी ती फुंकली होती आणि ऑपरेशनसाठी उपाशी झोपवलेले दोन पेशंट दचकून उठून बसले होते. तेव्हापासून ती जप्त होती.

बारा दिवसांपूर्वी अप्पांना न्यूमोनियावर आणलं तेव्हा वाशीतलं हे हॉस्पिटल इतकं नवं होतं की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर रंग हाताला यायचा. छाती पाचव्या दिवशी मोकळी झाली. डोकं मात्र जे पनवेलला गेलं ते परत आलं नाही. घरात गेली दोन वर्षं ह्याला म्हातारचळ म्हणत. इथल्या तरुण डॉक्टरांनी 'सेनाईल डिमेन्शिया' असं नाव सांगितलं. नाव मिळाल्यावर चारुलताला उगाचच जरा बरं वाटलं. निदान कुणाला पत्रात लिहिता येईल.

सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाई, आम्ही दोघी आणि खाटा चोवीस. जवळचं माणूस कायम पाहिजे. नाहीतर हात बांधावे लागतील." त्या दुष्टपणाने बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी चारुलता आंघोळीला घरी जाऊन आली तर अप्पांचं मनगट गॉजपट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेलं. अप्पा त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "ब्रेक जाम झालाय. मेकॅनिकला बोलवा."

त्यानंतर ती घरी गेली नाही. कपडे, डबा, सगळं तिचा नवरा मधुकर आणून द्यायचा. आंघोळ ती पहाटे आयाबाईंच्या न्हाणीत उरकायची.

खाटेखालच्या पिशवीत, थर्मासच्या बुडाशी, एक लिफाफा होता. सेक्टरातल्या शाळेचं पत्र. ग्रंथालय सहायक म्हणून सोमवारी, ४ जून १९८४ रोजी, सकाळी दहा वाजता रुजू व्हावे. न आल्यास यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. सहा महिन्यांचा तो कोर्स चारुलतानं भाजी निवडता निवडता केला होता. वय बेचाळीस. पुढचा उमेदवार बावीस वर्षांचा असणार, आणि त्याला सासरा नसणार.

आज शनिवार होता. चारच्या भेटीच्या वेळेला सगळे चौलकर यायचे होते. अप्पांना आजच घरी न्यायचं होतं. कुणाच्या घरी, हे ठरायचं होतं.

सरोजिनी पुण्याहून दुधी हलव्याचा डबा घेऊन आली आणि वॉर्डाच्या दारातच तिचे डोळे भरले. तिचे डोळे वेळेवर भरत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ती अप्पांची एकुलती एक मुलगी होती, आणि हे अप्पा विसरले असतील यावर तिचा विश्वास बसत नव्हता. दर खेपेला ती तोच प्रयोग करी.

"अप्पा! मला ओळखलंत? सांगा बघू, मी कोण?"

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हिरवी साडी, हातात डबा, घामाघूम. "बाई," ते अदबीनं म्हणाले, "आरक्षणाची खिडकी पलीकडे."

"अप्पा, मी सरू!"

"सरू असा, कुणीही असा. रांगेत उभ्या राहा."

शेजारच्या सहा नंबरवर नजीबमियाँ तोंडावर चादर ओढून हसले. ते उरणचे. अप्पांनी त्यांना उरणलाच लावलं होतं, त्यामुळे त्यांचा अप्पांवर फार विश्वास. त्यांची बायको खुर्शीदबी जमिनीवर चटई टाकून बसली होती. तिनं सरोजिनीला हात धरून बसवलं. "रडू नको बाय. आमच्या माणसाला रोज विचारतात, 'गाडी कधी दुरुस्त होनार?' डाक्टरपेक्षा त्यांनाच काळजी."

सरोजिनीला हे आवडलं नाही. रडू येत असताना कुणी हसवलेलं तिला लहानपणापासून आवडत नसे. तेवढ्यात थोरला भाऊ नंदकुमार मधुकरबरोबर आला, आणि तिचं रडू आपोआप थांबलं.

दादाशी ती दोन वर्षं बोलत नव्हती. पनवेलचा गणपती त्यानं कुणाला न विचारता मुलुंडला नेला होता. बोलायचंच झालं तर ती मधुकरमार्फत बोले. मधुकर हजर नसला तर भिंतीमार्फत.

डॉक्टर पाच मिनिटं बोलले. छाती स्वच्छ आहे. खाट दुसऱ्याला द्यायची आहे. ह्या आजाराला औषध नाही. रोज तेच चेहरे, तोच कप, तीच वेळ, एवढंच औषध. "आणि एका माणसावर टाकू नका," ते जाता जाता म्हणाले, "नाहीतर वर्षभरात दुसरा पेशंट आमच्याकडे येईल."

हे शेवटचं वाक्य तिघा भावंडांनी ऐकलं आणि तिघांनाही ते दुसऱ्याला उद्देशून आहे असं वाटलं.

चर्चेसाठी ते व्हरांड्यात पाण्याच्या कुलरपाशी गेले. चारुलता थर्मास भरायच्या निमित्तानं मागे उभी राहिली.

नंदकुमारला मनातून लवकर निघायचं होतं. बेलापूरच्या सरकारी कचेरीत तो अधीक्षक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याची रजा कमाल मर्यादेपर्यंत साचलेली होती, आणि हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगे. सोमवारी कचेरीत तपासणी होती.

"माझ्याकडे तिसरा मजला. लिफ्ट नाही," त्यानं सुरुवात केली.

"मधू," सरोजिनी म्हणाली, "दादाला सांग, अप्पांचे पाय गेलेले नाहीत, डोकं गेलंय."

"दादा, ताई म्हणतेय..."

"ऐकलं मी. तिला म्हणावं पुण्याला चार खोल्या आहेत."

"त्याला सांग, त्यातल्या दोनांत माझे सासूसासरे आहेत. त्यांचं डोकं शाबूत आहे, ते जास्त कठीण असतं."

नंदकुमारनं खाकरून आवाज बारीक केला. "मी म्हणतो, ठाण्याला चौकशी केली तर..."

कुलरचं पाणी टपटपत राहिलं. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे सांगायची गरज नव्हती.

"तसं ठाण्याला नव्हे," नंदकुमार घाईनं म्हणाला.

"मग कसं ठाण्याला?" सरोजिनीनं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा थेट. "ठाण्याला आपलं दुसरं कोण आहे?"

नंदकुमारनं रुमालानं मान पुसली. मग त्याला सुचलं, आणि सुटल्यासारखा तो म्हणाला, "त्यापेक्षा खरं सांगू का? अप्पांना चारूची सवय झालीय."

"ते मात्र खरं," सरोजिनी म्हणाली.

"डॉक्टरही म्हणाले, तोच चेहरा हवा."

"आणि घरात असते ती. नोकरीचं बंधन नाही, काही नाही."

"तेच म्हणतो मी."

"दादा, तुला पाणी देऊ?"

अशी दोन वर्षांची अढी पाण्याच्या एका ग्लासात विरघळली. मधुकरला भावाबहिणीचं जमलेलं बघून इतकं बरं वाटलं की आपण काय कबूल करतोय हे न बघता तो "हो हो, चालेल की" म्हणून मोकळा झाला. चारुलतानं तोंड उघडलं. गेल्या बारा दिवसांत तिनं नोकरीचं हे वाक्य मनात चाळीस वेळा म्हटलं होतं. पण तेवढ्यात आयाबाई, शिरवण्याच्या शेवंताबाई, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"ओ चौलकर! तुमचा म्हातारा खाट सोडत नाय. मना चादर बदलाची हाय, नवा पेशंट खाली थांबलाय. मी बोलली, घरी चला, तं मनाच बोलतान, 'रिलीव्हर आलाय का?'"

खाटेवर अप्पा ताठ बसले होते. घरून आणलेले कपडे घालायला त्यांनी नकार दिला होता.

"अप्पा, चला, घरी जायचं," मधुकर म्हणाला.

"कंट्रोलरला घरी जाता येत नाही. रिलीव्हर येतो, चार्ज घेतो, सही करतो. मग जायचं."

"अहो, तुमची ड्युटी कधीच संपली."

"तुम्ही कोण ठरवणार? तिकीट आहे?"

मधुकर बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यात ऑपरेटर. पाळ्यांचा माणूस, त्यामुळे रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही हे त्याला पटतच होतं. तोही रिअ‍ॅक्टरपाशी असाच अडून बसायचा. प्रश्न एवढाच होता की रिलीव्हर आणायचा कुठून. त्याची नजर फिरली आणि दारात थांबली. नजीबमियाँचा मुलगा रशीद, उरण डेपोचा एस.टी. ड्रायव्हर, ड्युटी संपवून खाकी कपड्यांत आत येत होता.

मधुकरनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"काका, मी ड्रायव्हर हाय," रशीद कुजबुजला. "ते वळखतील."

"अरे, त्यांना पोटची पोरगी ओळखू येत नाही. खाकी दिसली की झालं."

रशीदनं केस नीट केले, खाटेसमोर उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "चौलकरसाहेब, मी रिलीव्हर. चार्ज द्या."

अप्पांनी त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"हातावर स्टेअरिंगचे घट्टे आहेत. बिल्ला छातीवर आहे. ड्रायव्हर ना तुम्ही?"

रशीदनं मधुकरकडे पाहिलं. "हो, साहेब."

"ड्रायव्हर कधीपासून कंट्रोलरचा चार्ज घ्यायला लागला? कुठल्या नियमात?" अप्पांचा आवाज बघता बघता तीस वर्षांनी तरुण झाला. "उद्या म्हणाल क्लीनरला डेपो मॅनेजर करा! तुमची गाडी कुठली?"

"उरण, साहेब."

"उरण ब्रेकडाऊन आहे," अप्पांनी नजीबमियाँकडे बोट दाखवलं. "तिच्यापाशी थांबा."

"जी साहेब," म्हणत रशीद मुकाट्यानं बापाच्या उशाशी जाऊन उभा राहिला. खुर्शीदबीनं पदर तोंडात कोंबला. मधुकरच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला काही कळत नाही असं धरून चालणं ही चूक झाली. कळत सगळं होतं. पनवेल स्टँडवरचं.

"हा काय पोरखेळ?" नंदकुमार पुढे आला. त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली, पेन खिशात सरळ केलं. हाताखालच्या कारकुनांशी बोलायचा त्याचा एक आवाज होता, तो काढला. "कंट्रोलर चौलकर! मी विभागीय कार्यालयातून आलोय. तुम्हाला ड्युटीवरून मोकळं करण्यात येत आहे."

आणि अप्पा उठून उभे राहिले.

एका हातात पायजम्याची नाडी होती. दुसरा हात कपाळाशी गेला. "नमस्कार, साहेब."

नंदकुमार एक पाऊल मागे सरला. लहानपणी तो प्रगतिपुस्तक घेऊन स्टँडवर जायचा आणि कंट्रोलच्या खिडकीखाली उभा राहायचा. दोन गाड्यांच्या मधे अप्पा खाली वाकून सही करायचे. त्या खिडकीपेक्षा आपण कधी उंच झालो, हे त्याला आठवेना.

"बसा, बसा ना तुम्ही," तो कसाबसा म्हणाला.

"नाही साहेब. आलात ते बरं केलंत. मी तीनदा कळवलं, कुणी येत नाही. तक्रार आहे."

"काय तक्रार?"

"माझी नाही. ह्या बाईंची." अप्पांनी चारुलताकडे बोट केलं. ती मोसंब्याच्या साली गोळा करत होती, ती तशीच थांबली. "बारा दिवस झाले. एकाच ड्युटीवर. मुक्कामावर मुक्काम. साप्ताहिक सुट्टी नाही. मी लिहून ठेवलंय, बघा."

त्यांनी ताप-नाडीचा तक्ता उलटा केला. महाड, अलिबाग, उरण, रोहा यांच्या वेळांखाली थरथरत्या अक्षरांत रोज एक ओळ होती: 'बाई हजर. रिलीव्हर नाही.' बारा वेळा.

"मी ड्युटी सोडून गेलो तर ह्यांना कोण मोकळं करणार? स्टाफ उभा असताना कंट्रोलर घरी जात नाही, साहेब. इतकं सलग चालवलं तर घाटात डोळा लागतो. त्रेसष्ट साली लागला. बंडू ड्रायव्हर म्हणाला होता, 'साहेब, डोळे मिटतायत.' मी म्हटलं, एवढी एक फेरी मार. त्या कागदावर सही माझी होती."

बंडू ड्रायव्हरचं नाव चौलकरांच्या घरात एकवीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. आईच्या दिवसकार्यातही नाही. सरोजिनीनं मधुकरचा दंड धरला.

"ह्या बाई... कोण आहेत तुमच्या?" नंदकुमारनं विचारलं. आवाज आता कचेरीतला नव्हता.

"नाव माहीत नाही, साहेब. पण बाई चांगली आहे. गोळी चहात विरघळवून देते. मला कळतं. मी बोलत नाही." मग ते चारुलताकडे वळले. "बाई, रिलीव्हर दिला तर कुठे जाणार?"

बारा दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बारा दिवसच कशाला. चारुलतानं साली खाटेवर ठेवल्या, वाकून पिशवीतून लिफाफा काढला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात अप्पांना सांगितलं, "सोमवारी दहा वाजता मला कामावर रुजू व्हायचंय. शाळेच्या ग्रंथालयात. नाही गेले तर जागा जाईल."

"वेळेवर जायला पाहिजे," अप्पा म्हणाले.

"नोकरी?" सरोजिनी म्हणाली. "चारू, तू कुणाला बोलली नाहीस!"

"ह्यांना बोलले, वन्सं. दोनदा."

"मला?" मधुकर दचकला.

"तुम्ही तिसरी पाळी करून आला होतात. 'हं' म्हणालात."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा 'हं हं' म्हणालात."

शेवंताबाईंनी चादर खांद्यावर टाकून नव्यानं कमरेवर हात ठेवले. चादर बदलायची घाई त्यांनाही आता राहिली नव्हती.

अप्पांनी पेन्सिल उचलली. "तर साहेब, माणसं कोण देता?"

नंदकुमार गप्प होता. अप्पांना ती गप्प राहण्याची तऱ्हा ओळखीची असावी; साहेबलोक माणसं मागितली की असेच गप्प होत. ते किंचित पुढे झुकले आणि खासगीत सांगावं तसं म्हणाले, "तुमच्याकडे माणूस नसेल तर माझा थोरला आहे. नंदू. हुशार आहे. तुमच्यासारखाच ऑफिसर व्हायचा. बोलावलं तर येतो तो, साहेब. नाही म्हणणार नाही. फक्त बोलवायला लागतं."

नंदकुमारनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सेक्टरभर झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त होते, त्यामुळे बघण्यासारखं फारसं नव्हतं.

"लिहा," तो म्हणाला. "नंदकुमार चौलकर. सोमवारपासून."

"किती दिवस?"

"रजा भरपूर आहे त्याची. एक महिना लिहा."

"दादा, तपासणी?" मधुकरनं हळूच विचारलं.

"कचेरीतले बघतील," नंदकुमार म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्याचं आश्चर्य वाटून त्यानं चष्मा पुसला.

मधुकरनं स्वतःहून हात वर केला, शाळेतल्यासारखा. तो कायमची दुसरी पाळी मागून घेणार होता. म्हणजे सकाळी आठ ते दुपारी दोन तो घरी. अप्पांनी ते लिहून घेतलं. मग पेन्सिल सरोजिनीवर रोखली. "ह्या कोण?"

सरोजिनीचे डोळे भरले, ओठ उघडले. 'मी कोण, ओळखा बघू' जिभेच्या टोकावर आलं होतं. चारुलतानं मान अगदी थोडी हलवली: नको. सरोजिनीनं पदरानं डोळे पुसले.

"नवीन आहे, साहेब," ती म्हणाली. "शिकायला आले. पंधरा दिवस आहे इथेच."

"पुण्याला फोन करायला लागेल तुला," मधुकर कुजबुजला.

"करते. त्यांचं डोकं शाबूत आहे ना, समजून घेतील."

"मग ह्या बाईंकडून चार्ज घ्या," अप्पांनी फर्मावलं. "तोंडी नको, नीट."

असा वॉर्डात चार्ज दिला-घेतला गेला. सरोजिनी पुण्याहून आणलेल्या डायरीत लिहीत होती आणि चारुलता बोटांवर मोजत सांगत होती. गोळी तशीच दिली तर डाव्या गालात ठेवतात; चहात विरघळवायची, आणि तळाशी उरली नाही ना ते बघायचं. पितळी फुलपात्रातूनच चहा, कपातून दिला तर परत करतात. आंघोळीला चला म्हणायचं नाही, 'गाडी धुवायची आहे' म्हणायचं. पाच वाजता कावरेबावरे होतात, तेव्हा हातात कागद-पेन्सिल द्यायची. "आणि वन्सं, 'मला ओळखलं का' हे कधीच विचारायचं नाही. त्यांना उत्तर येत नाही, आणि येत नाही हे त्यांना समजतं."

सरोजिनीची पेन्सिल थांबली. तिनं हे शेवटचं लिहिलं नाही. लक्षात राहण्यासारखं होतं.

"रात्रीचं काय?" तिनं विचारलं.

"रात्री मी आहेच," चारुलता म्हणाली.

"एक दिवसाआड," अप्पा तक्त्यावरून मान वर न करता म्हणाले.

मग त्यांनी तक्ता नंदकुमारपुढे धरला. नंदकुमारनं पेन काढलं आणि कचेरीत करी तशी, नावाखाली दोन रेघा ओढून, पूर्ण सही केली. सही केलेला कागद नंदकुमार चौलकरनं आजवर कधी फिरवला नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक चौलकराला माहीत होतं. चारुलतानं लिफाफा घट्ट धरला.

सिस्टरनी खण उघडून शिट्टी परत दिली. "गेटबाहेर गेल्यावर वाजवा हं, आजोबा."

रशीदच्या मामाची मॅटॅडोर खाली उभी होती. रशीद स्टेअरिंगवर बसलेला पाहून अप्पा समाधानानं म्हणाले, "आता बरोबर. ज्याची जागा त्याला." त्यांनी एकेकाला मोजून आत चढवलं: साहेब पुढे, शिकाऊ बाई खिडकीशी, मधुकर दाराशी. पिशव्या, थर्मास, हलव्याचा डबा. शेवटी चारुलतानं पायरीवर पाऊल ठेवलं.

"तुम्ही कुठे?" अप्पांनी हात आडवा धरला. "तुमची ड्युटी संपली."

"अहो अप्पा, तिलाही घरीच..." मधुकर आतून म्हणाला.

"ड्युटी संपलेला स्टाफ मोकळा असतो. वाटेल तिथे जातो." अप्पा वर चढले, दार ओढून घेतलं आणि मापात, एकच लांब शिट्टी दिली. मॅटॅडोर सुटली.

चारुलता गेटाशी उभी राहिली. हातात पिशवी नव्हती, थर्मास नव्हता. नुसता लिफाफा. हातांचं काय करायचं ते तिला थोडा वेळ कळेना. वरून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, खुर्शीदबी ओरडली, "बाय, उभी का? जा की!"

ती निघाली. घर दहा मिनिटांवर. बिल्डिंगखाली पोचली तेव्हा मॅटॅडोर दाराशी लागलेली होती आणि दुसऱ्या मजल्यावरून सरोजिनीचा आवाज येत होता. "मधू, फुलपात्र कुठेय? पितळी! दादा, तू का उभा आहेस, गॅस पेटव!" मग भांडं पडल्याचा आवाज. मग नंदकुमारचा, "अप्पा, गाडी धुवायची आहे," असा फार अवघडलेला आवाज.

चारुलताचा पाय सवयीनं पायरीवर गेला. तिनं तो खाली घेतला. मनगटावरच्या घड्याळात पाच चाळीस झाले होते. ती वळली आणि नव्या, अजून डांबर न पडलेल्या रस्त्यानं चालू लागली. फार भराभर नाही, फार सावकाशही नाही. सोमवारी चालेल तशी.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. वॉचमन स्टुलावरून उठला. "आज शनिवार, बाई. बंद आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "किती वेळ लागतो तेवढं बघायला आले. पेन आहे का?"

त्यानं खिशातलं पेन दिलं. फाटकाच्या खांबावर लिफाफा टेकवून चारुलतानं त्याच्या मागे लिहिलं: घर ते शाळा, एकोणीस मिनिटं. मग क्षणभर थांबली, आणि अप्पा मारत तशी खाली ठसठशीत सही केली.